कपाळावरची माती

"थांबा! तिथली नको!" म्हातारा इंग्रजीत असा ओरडला, की खंदकातली बदकं उडाली ती थेट बेल्जियमलाच उतरली असतील. मी मात्र चिमूटभर माती कपाळाला लावून मोकळा झालो होतो. आइंडहोवन या डच शहरातून सायकल हाणत आलेला मराठी माणूस किल्ल्यात शिरल्यावर दुसरं काय करणार?

म्हातारा बुरुजाएवढा उंच, हातात काठी. माझं काय चुकलं, मला कळेना.

"आजोबा, आमच्याकडे गडावर लढून मेलेल्यांना असाच मान देतात."

"इथे महायुद्धातले जर्मन सैनिक पुरलेत," तो म्हणाला. "त्यांनी मारलेला माझा भाऊ त्या भिंतीपलीकडे आहे."

"तरी म्हणत होते, आधी बोर्ड वाचा!" मागून आपली सायकल लावत बायको कुजबुजली.

माझा हात कपाळाजवळ जाऊन अडकला. पुसावं तर मेलेल्यांचा अपमान, ठेवावं तर समोरच्या जिवंत माणसाचा. शेवटी त्यालाच विचारलं, "पुसू का?"

तो काठीवर भार देत वाकला आणि मी उकरलेली माती त्याने बोटांनी हळूच सारखी केली.

"राहू द्या," तो म्हणाला. "माझ्या भावाच्याच वयाचे होते ते."