विभूती लावलेला रिसिव्हर

“वायर उपट! आधी वायर उपट, घर पडंल!”

अप्पा, म्हणजे माझे वडील, बेंबीच्या देठापासून ओरडत होते, पण मला नुसते त्यांचे ओठ हललेले दिसत होते. रिसिव्हरच्या दोन स्पीकरमधून महाराजांचं प्रवचन बाहेर पडत होतं. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. एकेका स्पीकरात म्हशीचं रेडकू आरामात मावलं असतं, आणि ऐकू येत होतं ते त्या रेडकाची शेपटी कुणीतरी दारात चेंगरल्यासारखं. फळीवरचे डबे नाचले. समोरच्यांचं पत्र्याचं छप्पर वीतभर सरकलं. गल्लीतल्या कोंबड्यांनी पुढं कितीतरी दिवस अंडं म्हणून दिलं नाही.

मी वायर उपटली.

“अप्पा, महाराजांना सर्दी झाली का वो?” शेजारच्या काकू म्हणाल्या.

“पोराला नांदेडला कशाला धाडता? रानात उभं करा,” त्यांच्या मालकांनी भर घातली. “पाखरं तरी उडतील.”

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेब आले, पाट्या आल्या, नळाला तेवढं पाणी यायचं राहिलं. दुष्काळ असा की मोंढ्यातल्या आमच्या धान्याच्या आडतीवरच्या चिमण्यासुद्धा दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागत होत्या. तिथं गादीवर बसून माश्या मारण्यापेक्षा मला नांदेडला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकायला जायचं होतं. अप्पा ऐकेनात. तेवढ्यात दाजींनी दुबईहून वॉकमन आणला, अप्पांनी त्यात महाराजांची कॅसेट घातली आणि अट सांगितली, “ह्याच्यातलं प्रवचन माझ्या रिसिव्हरवर साऱ्या गल्लीला ऐकव, मग जा. न्हाईतर गुमान आडतीवर बस.”

हा रिसिव्हर, म्हणजे रेडिओ आणि तबकड्या मोठ्यानं वाजवायचं यंत्र, अप्पांनी ऐन तरुणपणी हैद्राबादहून आणलेला. त्याचा तबकडी वाजवायचा भाग उंदरांनी कधीच खाल्ला होता, पण दर दसऱ्याला तराजूबरोबर त्याचीही पूजा व्हायची. पुढच्या काचेला बोट लावायची आईची बंदी, म्हणून विभूतीचे तीन पट्टे पाठीवर. त्यावर पुढच्या वर्षीचे, त्यावर त्याच्या पुढचे. पाठीवरची अक्षरं अशी लिंपली गेली होती, की कुठली वायर कुठल्या भोकात जाते हे एका महादेवालाच ठाऊक. अप्पा म्हणाले होते, “तबकडीची वायर जायची तिथंच वॉकमनची घाल. आवाज तो आवाज.” मी घातली होती.

“अप्पा, विभूती जरा पुसून बघू का?”

“हात तर लावून बघ!”

जमलेल्यांचं चित्त तसंही थाऱ्यावर नव्हतं. प्रत्येकजण मांडीवर घागर घेऊन आलेला. एक कान महाराजांकडं, दुसरा रस्त्याकडं. कुणी खोकलं तरी चारजण उठून उभे राहत. आणि खरंच आरोळी आली, “टँकर आला!” खोली अशी रिकामी झाली की माझ्या अंगावर वारा आला. धोतराचा सोगा हातात धरून सगळ्यांच्या पुढं अप्पा.

पुसायला घरात घोटभर पाणी नव्हतं, पण घामाचा सुकाळ होता. कपाळाचा घाम टॉवेलला टिपून मी पाठ घासली. अक्षरं वर आली. तबकडीचा आवाज मुळात बारीक, म्हणून त्या भोकातून आलेलं सगळं यंत्र भलतं फुगवून सोडतं. टेपसाठीचं भोक शेजारीच होतं. पिना तिथं खुपसल्या, आणि महाराज माणसासारखे बोलू लागले.

ऐकायला कुणी नाही!

मी दोन्ही स्पीकर ओढत दारात नेले, तोंडं टँकरकडं केली आणि आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलं. रांगेतली भांडणं थांबली. पार नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीपर्यंत आवाज गेला, असं म्हणतात. म्हणणारा मीच.

अप्पा दोन भरल्या घागरी घेऊन आले. रिसिव्हरच्या उघड्या पाठीकडं बघत राहिले.

“आलं का ऐकू?” मी विचारलं.

“आलं.”

“मग नांदेडचं?”

अप्पांनी घागरी खाली ठेवल्या.

“जा. एका माणसाचं पाणी वाचंल.”