माय पुढच्या सीटवर बसली

मागच्या महिन्यात मॉरिशसला आमच्या मायने आबांची सीट पटकावली. तीही हेलिकॉप्टरमधली. पोस्ट थोडी लांब आहे, पण वाचाच...

माय म्हणजे माझी आई आणि आबा म्हणजे वडील. दोघं केदारखेड्याला शेती बघतात, मी जालन्यात नोकरी करते. रजा, पैसे आणि माझा हट्ट हे सगळं यंदा पहिल्यांदाच एकदम जुळून आलं, म्हणून दोघांना घेऊन निघाले.

आता एक गोष्ट आख्ख्या गावाला माहीत आहे... मायला गाडी लागते. जीप भोकरदनच्या पुढे गेली की मुठीत लिंबू, मांडीवर पिशवी आणि मान खाली. यापायी तिने किती लग्नं सोडली, किती बारशी सोडली, विचारूच नका. "तुमी जाऊन या, मी घर बघते," एवढंच म्हणायची.

मॉरिशसच्या विमानात ती झोपूनच आली, त्यामुळे निभावलं. पण तिसऱ्या दिवशी मी हेलिकॉप्टरचं बुकिंग केलं आणि आबांनी लगेच निकाल दिला. "आपण दोघंच जाऊ. हिला खाली खुर्चीवर बसव, वर काही झालं तर उगी घोळ व्हायचा."

पण सकाळी बघते तर माय सगळ्यात आधी तयार, नवी चप्पल घालून दारात उभी. "मी बी येऊन राह्यले," म्हणाली. मला इतकं भरून आलं ना... आणि तितकीच भीतीही वाटली. वर जाऊन तिला त्रास झाला असता, तर ती परत कधी घराबाहेर पडलीच नसती.

तिथे गेल्यावर आधी प्रत्येकाचं वजन करतात. आबांनी उभा जन्म मोसंबी विकली, त्यामुळे काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. वाकून आकडा बघितला आणि मला म्हणाले, "बराबर न्हाई हा काटा. आपल्या मालाला कमी भरतेत आन् मला जास्ती." काउंटरवरच्या बाईला मी यातलं काहीही सांगितलं नाही.

हेलिकॉप्टर छोटंसं... पुढे पायलट आणि एक माणूस, मागे दोघं. आबा सरळ पुढच्या दाराकडे चालायला लागले. आमच्याकडे पुढची सीट आबांचीच असते, मग जीप असो नाहीतर टेम्पो. माय कायम सगळ्यात मागे, आडव्या बाकावर, पायाशी पिशव्या घेऊन. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण दुसरं काही कधी झालंही नाही.

पायलट पिकल्या मिशांचा, आबांहूनही धिप्पाड. त्याने आबांना हाताने थांबवलं, कागद बघितला आणि मायला पुढे बोलावलं. मी समजावलं, "आबा, इथं वजनावर सीट ठरते. तो स्वतः जड आहे, शेजारी हलकंच माणूस लागतं."

"अगं पण हिला लागतंय ना," आबा म्हणाले, "त्याच्या अंगावर काही झालं मंग?"

माय सवयीने एक पाऊल मागे सरकली. आता ही "तुमीच बसा" म्हणणार, याची मला खात्री होती. तिने आबांकडे पाहिलं, मग त्या समोरच्या मोठ्या काचेकडे पाहिलं...

"त्यानं मला बलावलंय. मी बसते." पदर खोचला आणि चढलीसुद्धा.

आम्ही वर गेलो. मी मागे जीव मुठीत धरून, हातात पिशवी तयार. खाली उसाची शेतं, मग हिरवेगार डोंगर, एक धबधबा आणि पुढे तो समुद्र. पायलट ज्या बाजूला वळवायचा, माय त्याच बाजूला वाकून बघायची. हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, "पाणी बघ गं, तळ दिसून राह्यलाय."

पिशवी लागली, पण आबांना.

खाली उतरल्यावर आबा बाकावर बसले, घामाघूम. माय पदराने वारा घालत म्हणाली, "मागं बसलं की असंच होतंय. समोरचं काही दिसत न्हाई, मंग डोकं गरगरतंय."

ती सहज बोलून गेली. मी मात्र जागच्या जागी थिजले. गोळ्या झाल्या, लिंबू झालं, ओवा झाला... तिला एकदा पुढे बसवून बघावं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी स्वतःला मोठी शिकलेली समजते. राग आला सगळ्यांचा, सगळ्यात जास्त माझा.

आबांनी रुमालाने तोंड पुसलं. मग हळूच म्हणाले, "एवढं व्हायचं तुला? दर बारीला?"

"मंग?" माय म्हणाली.

त्या पायलटचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जिथे असेल तिथे देव त्याचं भलं करो.

गेल्या रविवारी माय शहागडला गेली, माहेरी. जालना, अंबड करत थेट गोदावरीपर्यंत... ड्रायव्हरच्या शेजारी बसून, वाटेत एकदाही गाडी न थांबवता. आबाही होते सोबत, मधल्या सीटवर. संध्याकाळी मामीचा फोन आला, बोलता बोलता रडायला लागली. म्हणे, किती वर्षांनी नणंद दारात उतरली, आणि आल्या आल्या काय म्हणाली माहितीये?

"आधी जेवायला वाढ, लई भूक लागलीय."