आत्याच्या गळ्यातली पिशवी

आमच्या आत्याच्या गळ्यात दिवसभर खणाची एक पिशवी असायची. भाजी घेताना पदराआड ती पिशवी हलली की भाजीवाला दचकायचा. "घाबरू नको रे, झोपलाय तो," आत्या म्हणायची. आत तिचा शुगर ग्लायडर असे, खारीसारखा इवलासा प्राणी, चिकू. शेजारच्या मुलाने परदेशी जाताना तो तिच्या हवाली केला होता.

गारखेड्याच्या आमच्या घरात माझा हॅमस्टरही होता. बाबांच्या लेखी दोघेही उंदीरच. आत्याला ते खपत नसे. "शरद, उंदीर हिचा. माझा कांगारूच्या घराण्यातला, आईच्या पिशवीत वाढलेला." गणपतीत आई म्हणाली, "ताई, दोघांनाही बसवा की बाप्पापुढं."

"हिच्या उंदराला बसव. चिकूचं गोत्र वेगळं!"

खरा फरक मात्र ती मला एकटीला सांगायची. "हॅमस्टरपाशी दुसरा ठेवला की मारामारी. त्याला एकटंच बरं. तुझ्यासारखं." मला ते लागायचं, पण खोटं नव्हतं. "ग्लायडर एकटा पडला की स्वतःचेच केस उपटतो. लई वाईट दिसतं गं." बोलता बोलता ती आपली जाडजूड वेणी सोडून पुन्हा घालायची. साठीतही तिला त्या वेणीचा तोरा होता.

दादाचं लग्न ठरलं आणि आत्याची खोली हवी झाली. आमच्या घरात कोणी कोणाला जा म्हणत नाही, सोय करतात. बाबांनी शहराबाहेर चितेगावला फ्लॅट पाहिला. "ताई, स्वतंत्र राहशील. कोणाची कटकट नाही."

आत्या चिकूला सफरचंद भरवत होती. मान वर न करता म्हणाली, "शरद, तू मला हॅमस्टर समजलास व्हय रे?"

बाबांना तो विनोद वाटला. ते मोठ्याने हसले. "इथल्या इथं तर आहे. दर रविवारी येऊ."

दर रविवारी काहीतरी निघायचं. दिवाळीनंतर मी एकटीच बसने गेले. आत्याने दार उघडलं. पिशवी गळ्यातच होती. चिकूने तोंड बाहेर काढलं. लव दाट, डोळे लख्ख.

"बघ, एक केस गेला नाही ह्याचा."

तिने डोक्यावरून पदर घेतला होता. आमच्याकडे कधीच घेत नसे. चहा गाळताना तो घसरला. कानामागे नुसती कातडी दिसत होती, आणि वेणीच्या जागी दोऱ्याएवढं काहीतरी.

तिने पदर सावरला.

"ह्याला मी आहे ना गं," ती म्हणाली आणि माझ्या कपातली साखर ढवळत राहिली.