काट्याची वायर

आधी ताईचं सांगते. नाशिकच्या अंबडमधल्या, गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची ती ताई. नात्यातली नाही, गावची नाही. ती निफाडकडची, मी पार गोंदियाची. सातवीत शाळा सुटलेली मी नवऱ्यामागे नाशिकला आले, आणि वर्षभरात नवरा जो कुठे गेला तो गेलाच. माझं "काहून" ऐकून लाईनवरच्या बायका खिदळायच्या. ताई म्हणायची, "हसा गं हसा. पण तिनं जोडलेली वायर ओढून काढा आधी, मग हसा." पुढे जे झालं त्यातून मी आणि माझी मुलगी उभ्या राहिलो त्या तिच्यामुळे.

आमच्या लाईनवर एक रीत होती. जोडणारी एक, ओढून बघणारी दुसरी. आपला जोड आपण ओढायचा नाही. शेजारणीनं ओढायचा आणि टिकला तर वर हिरवा ठिपका द्यायचा. माझे जोड ताई ओढायची, तिचे मी. शिवाय सगळ्या वायरी एकत्र घट्ट बांधून वरून काळी टेप. एखादी बाहेर दिसली की ताई खेकसायची, "ही काय शेपूट सोडलीस?"

काम कमी झालं तेव्हा आम्हा कंत्राटी बायकांना आधी घरी पाठवलं. ताई कायम होती, ती राहिली. मुलगी तेव्हा गोंदियाला आईकडे होती. तिला आणायचं तर राहायला जागा हवी, आणि माझंच काही ठरत नव्हतं. ताईनंच मला तिच्या ओळखीच्या एका काकांकडे नेलं. काका विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ओझरच्या बाजूला त्यांचं शेत, शेतात पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये ते एका माणसापुरतं विमान बांधत होते. बारीक वायरिंगला त्यांची नजर पुरत नव्हती.

"शेडमागे खोली आहे, तिथे राहा," ते म्हणाले. "हे उडालं तर देखभालीला माणूस लागेलच. मुलीला आण. रस्त्यापलीकडे शाळा आहे."

मी बूथवरून फोन केला. जूनमध्ये न्यायला येते म्हणाले. पोरीनं त्याच दिवशी दप्तर भरून दाराशी ठेवलं, असं आई सांगत होती.

इंजिन एका परदेशी गाडीचं होतं, रोटरी. काकांनी मला ते समजावलं ते असं: "भुईमुगाच्या शेंगेत समोसा फिरतोय असं समज." आत तीन कोपऱ्यांचा लोखंडी तुकडा फिरायचा आणि त्याचे कोपरे भिंतीला घासत जायचे. ते इंजिन किती वेगानं फिरतंय हे दाखवणारा काट्याचा मीटर मी बसवायचा होता. कारखान्यातल्या आवाजात काकांचे कान अधू झाले होते, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त त्या काट्यावर. पूर्ण जोर दिला की काटा साडेपाच हजारांवर जायला हवा. तिथे त्यांनी काचेवर लाल रेघ मारून ठेवली होती.

पुण्याहून त्यांचा मुलगा फोन करायचा. बापाच्या जिवाला घाबरायचा बिचारा. शेवटी त्यानं सांगितलं, "बाबा, रविवारी येतो. तुमचं इंजिन त्या रेघेपर्यंत गेलं तर मी गप्प बसेन. नाही गेलं तर शेड द्राक्षांच्या पॅकिंगला द्यायची." म्हणजे खोलीही गेली. हे कुणी मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

मीटर जोडला. विमानाची शेपटी दोरखंडानं ट्रॅक्टरला बांधली. काकांनी जोर दिला तसा काटा उसळला, रेघ ओलांडून सात हजार, परत खाली, परत वर, नुसता थरथर. काकांनी घाबरून इंजिन बंद केलं. बांधावरून शेजारी ओरडला, "काका, उडालं तर आमच्या बागेवर फवारणी मारून जा!" काका हसले नाहीत. मला मात्र आत कुठेतरी बरं वाटलं. काटा सातला शिवतो, म्हणजे इंजिनात दम आहे, फक्त माझा एखादा जोड सैल असेल.

पण माझे जोड मी कसे ओढू? ओढून पाहिले, तरी खरं वाटेना. ताईला निरोप धाडला. सुट्टीच्या दिवशी ती दोन बस बदलून आली, डब्यात पोळ्या घेऊन.

"एवढं मोठं इमान आणि ओढायला एक बाई नाय?" म्हणाली. एकेक जोड ओढला. सगळे पक्के. ठिपक्यांसाठी ती हिरवा पेन घेऊन आली होती. मग म्हणाली, "चालू करा काका. चालू असताना बघते."

इंजिनामागून बैठकीकडे जाणारा वायरींचा जुडगा तिनं पकडून ओढला आणि झटका बसून किंचाळली, "आई गं! चावली की ही!" टेप उकलली, जुडगा फाकला. त्याच क्षणी काटा खाली आला. काकांनी ते बघितलं. इंजिन बंद करून खाली उतरले आणि माझ्याकडे वळले, "काट्याची वायर ठिणगीच्या वायरींसोबत बांधलीस?"

"सगळ्या एकत्रच बांधतात ना काका?"

"गाडीच्या दिव्याला चालतं गं. इथे इंजिन पेटवणाऱ्या ठिणगीची वीज शेजारच्या वायरीत शिरते आणि काटा ती पण मोजतो."

ताई माझ्या आधी बोलली, "मीच शिकवलं तिला. शेपूट नको म्हणून." आणि तिनंच ती वायर जुडग्यातून सोडवून लांबून, एकटी नेली. इंजिन परत चालू केलं. काटा असा स्थिर, जणू चिकटवलाय. ताईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, "आण पोरीला!"

काकांनी पूर्ण जोर दिला. काटा चार हजारांवर गेला आणि थांबला. त्यांनी दांडी शेवटपर्यंत रेटून धरली, हात पांढरा पडला, पण काटा तिथेच. धूळ उडत होती, ट्रॅक्टरचा दोर ताणलेला होता, मी डोळ्यांनी तो काटा पुढे ढकलत होते. सात हजार कधी नव्हतेच. आतल्या त्या तुकड्याच्या तीन कोपऱ्यांवर बसवलेल्या पट्ट्या झिजून जोर गळत होता, आणि तसल्या पट्ट्या इथे कुठे मिळत नव्हत्या. काकांनी वर्षभर कुठे कुठे विचारून पाहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

रविवारी मुलगा आला. काका एकदाच म्हणाले, "दाखवतो." दाखवलं. मुलगा ओरडला नाही, "पुरे बाबा" म्हणाला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. काकांनी मीटर काढून घ्यायला सांगितला. माझा जोड काही केल्या निघेना. शेवटी वायर कापावी लागली.

बूथवर मी फोन धरून नुसती उभी. पलीकडून पोरगी विचारत होती, "कवा येतेस?" सोबत आलेल्या ताईनं फोन हिसकावला. "मी मावशी बोलतेय. आई येतेय तुला न्यायला. घर लहान हाय, पण शाळा जवळ हाय." घर म्हणजे तिच्याच दोन खोल्या, नवरा, दोन मुलगे. मधे साडीचा पडदा बांधून तिनं आम्हाला जागा केली. तिचा नवरा कधीकधी धुसफुसायचा, तिनं मात्र कधी जाणवू दिलं नाही. पोरगी तिथूनच दहावी झाली.

काका पुढे फार जगले नाहीत. शेडवरून जाताना मी अजूनही तोंड फिरवते.

ताई आता निफाडकडे गावी असते. वर्षानुवर्षं वायरी ओढून तिची बोटं बधिर झाली आहेत, चहाचा कपही दोन्ही हातांनी धरते. मी अजून भाड्याच्या एका खोलीत आहे, आणि तीही कधी सोडावी लागेल सांगता येत नाही. पण ताई, माझ्या नावाचं दार कधी झालंच, तर खिडकीजवळची जागा तुझी. तिथे मधे पडदा नसेल. तुझा कप मी धरीन.