खळीने चिकटवलेलं नाव

बॉस्टनजवळचं वॉटरटाउन बघायला म्हणून मी गेलेच नव्हते. यंदा, म्हणजे सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, आमच्या जर्सी सिटीच्या बिल्डिंगमधल्या आनूशमावशीला तिथे न्यायला कोणी नव्हतं, आणि मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. मिळालं कसं, ते विचारू नका.

मावशी आर्मेनियन, ऐंशीला टेकलेली. लहानपणी सरकारी शिपायांनी सगळ्या गावाला हाकलून चालवत नेलं, त्यात हिच्या घरचे गेले. ही अनाथाश्रमात वाढून इकडे आली. वॉटरटाउनला तिच्या लोकांची मोठी वस्ती आहे. तिथे काही मंडळी देशोदेशी विखुरलेल्या घरांतले जुने फोटो जमवून जपतात. मावशीच्या परदेशात वारलेल्या काकाकडचे फोटो बिस्किटाच्या डब्यातून नुकतेच तिच्याकडे आले होते. ते तिथे द्यायचे होते.

आदल्या दिवशी तो गंजका डबा बघून माझे हात शिवशिवले. असं घेऊन जायचं चार लोकांत? मैद्याची खळ शिजवली, कोरी वही घेतली, सगळे फोटो ओळीने चिकटवून टाकले. मागे काहीतरी खरडलेलं होतं. मला वाचता आलं नाही, म्हणजे महत्त्वाचं नसणार. चौथी नापास बाईची अक्कल.

सकाळी सातला निघालो. लोकांना साडेचार-पाच तास लागतात, मला साडेसहा लागले. ट्रकवाले हॉर्न मारायचे, मी मराठीत उत्तर द्यायचे. जाणार असाल तर टोलची चिल्लर हाताशी ठेवा. मी पर्स उपडी केली तेव्हा मागे रांग लागली होती.

कनेक्टिकटमध्ये रेस्ट एरियात तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. आमच्या दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमतं.

“एक फोटो माझ्या घरच्यांचा आहे,” मावशी म्हणाली. “बाबांनी काकाला पाठवलेला. आईच्या मांडीवर माझी धाकटी बहीण आहे. आम्ही तिला नुसतं बाळ म्हणायचो, खरं नाव मला आठवतच नाही. पण बाबांनी मागे सगळ्यांची नावं लिहिलीत.”

“मग तू वाचलं नाहीस?”

“आमची अक्षरं मला कोणी शिकवली? आश्रमात नुसतं शिवणकाम. तिथली सेता वाचेल. त्यासाठीच तर चाललोय. सांगितलं होतं तुला.”

सांगितलं असेल. मी ऐकायला थांबले तर ना.

हातातली पुरी मी परत डब्यात ठेवली. पुढे वॉटरटाउनपर्यंत एकाही ट्रकवाल्याला उत्तर दिलं नाही. मावशीला वाटलं, मी हायवेला घाबरले.

वॉटरटाउनला बेकऱ्या झकास आहेत. खिम्याचा थर दिलेली पातळ रोटी चालत नसेल तर चीझ भरलेले त्रिकोणी पाव मागा, डॉलरच्या आत मिळतात. मी दोन घेतले. एकही गेला नाही.

फोटोंचं ऑफिस म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या. सेता तिशीची, चष्मेवाली. वही उघडून तिने श्वासच रोखला.

“कशाने चिकटवले?”

“मैद्याची खळ. घरची.”

“देवा! मग पाण्याने सुटेल. बाजारचा गोंद असता तर संपलं होतं.”

मी फुगले.

“पण शाईसुद्धा पाण्याने सुटते,” ती म्हणाली.

मी बसले.

दमट टिपकागद ठेवून तिने तासभर वाट पाहिली. मला दोन मिनिटं निघत नाहीत, तिथे तासभर! फोटो अलगद निघाला. मागे नुसते निळे डाग. मावशीने पर्सची कडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“मावशी, मी केलं हे.”

“माहितेय. माझं किचनही तू असंच आवरतेस.”

तिच्याकडे बघवेना, म्हणून मी वहीकडे बघितलं. पानावर शाई उमटली होती, उलटी. कपाळावरचं कुंकू बघायला पर्समध्ये आरसा असतोच माझ्या. काढला आणि पानासमोर धरला. सेता आरशात डोकावली. दोन नावं फिसकटलेली होती, पण ती भावांची, मावशीला पाठ. शेवटचं सेताने हळूच वाचलं.

“झाबेल.”

“झाबेल,” मावशी म्हणाली. आणि एकदम चिडून म्हणाली, “एवढ्याशा पोरीला एवढं मोठं नाव!” मग रडली.

सेताने फोटोमागे कडेला मऊ पेन्सिलीने पाची नावं आणि आनूश लिहिलं. माझं पानही ठेवून घेतलं. “हे कोणी केलं, तेही लिहावं लागतं. तुमचं नाव?”

सांगितलं.

“जन्माचं?”

“छे. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत लिहिलं ते.”

“मग आधीचं?”

तेही सांगितलं. तीस वर्षांनी तोंडातून निघालं, उच्चारताना जड गेलं. तर आर्मेनियन लोकांच्या दप्तरात आता माझी दोन्ही नावं आहेत, गुन्ह्यासकट. निघताना सेताने पेन्सिलीचा तुकडा हातावर ठेवला. “खळ नको,” म्हणाली.

घरी आले आणि माझ्या आईचा एकुलता एक फोटो फ्रेममधून काढला. मागे कोरं. पेन्सिलीने ‘आई’ लिहिलं, सासरचं नाव लिहिलं, आणि थांबले. तिचं माहेरचं नाव मला ठाऊकच नाही. ती होती तोवर विचारायला मी थांबले तर ना.

मामांना एअरोग्राम टाकलाय: आईचं लग्नाआधीचं नाव ताबडतोब कळवा, तुमचं वय झालंय.

रोज खाली जाऊन पोस्टाची पेटी बघते. पेन्सिलीला टोक करून ठेवलं आहे.