माझा नेम लागला तो दिवस

हे ऐकून हसायचं असेल तर खुशाल हसा, मला राग नाही. दादा असता तर सगळ्यांत आधी तोच हसला असता. पण माझ्यासारखा गाढवपणा दुसऱ्या कुणी केलेला असेल तर त्याला माझ्यासमोर आणा, मी त्याचे पाय धरतो.

आधी थोडं घरचं सांगतो. आमचं घर मालवणजवळ. घरापुढच्या खळ्यात मासळी सुकत टाकलेली, आणि कावळे हाकलायचं काम माझ्याकडे. सहावीत शाळा सुटली, हातात दगड आला. पण नेम? इतक्या वर्षांत एका कावळ्याला दगड लागला असेल तर शपथ. लागला तो एकदाच, पुस्तक घेऊन बसलेल्या दादाच्या कपाळाला. खूण राहिली. "तुझो नेम या जन्मात लागाचो नाय," तो म्हणायचा.

तो शिकला, कॅनडात आला. मग मलाही आणलं, डोंगरातल्या त्याच्या गावात, एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासायला. दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत बर्फावर त्याची गाडी घसरली. बत्तीस वर्षांचा होता.

गावी काकांनी दहावं केलं. कावळा शिवेना. दुपार झाली तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. पण आईला ते पटेल? तिने रात्रीचं जेवण सोडलं. रोज फोन. "तेचो जीव थयच अडकलो हा. तू थय पिंड ठेव. खरो कावळो शिवल्याबिगर माका घास जावचो नाय."

जीव कुठे अडकला ते मला ठाऊक होतं. तीन वर्षं तो वरच्या तळ्यावर साल्मन पकडायला जात होता, आणि तीन वर्षं रिकाम्या हाताने येत होता. तिथल्या साल्मनला कोकनी म्हणतात. "आपल्याच गावचो मासो," तो म्हणायचा, "यंदा बर्फ वितळलो की तुका नेतंय." मी काय म्हणालो असेन? "डबक्यातले मासे धरूक मी काय म्हातारो झालंय?"

एप्रिलच्या शेवटी तळं मोकळं झालं. मी वानखेडेला म्हटलं, चल. वानखेडे दादाचा मित्र, त्याच्याच ऑफिसातला, मूळचा नागपूरचा. दादा जायचा ती होडी त्याचीच. पहाटे उठून मी भात शिजवला, काळे तीळ घातले, घट्ट मळून पिंड केला आणि दह्याच्या रिकाम्या डब्यात भरला. वानखेडेला सांगितलं नाही. दादाचं नाव काढलं की तो रडायचा, आणि तो रडला की मीही. म्हणून डबा कुठे लपवला? त्याच्या आमिषाच्या खोक्यात. हुशारी बघा माझी.

वर जाताना गाडीत मी नुसता फुशारक्या मारत होतो. गप्प बसलो असतो तर आतून फुटलो असतो.

"तुमचं आमिष काय, तर डब्यातला मका," मी म्हटलं. "आमच्याकडे आमिष घरी बनवतात. गुपित असतं."

"मग आणाचं ना बे."

"आणलंय की नाही ते कळेल तुला."

तळ्यावर इतकी थंडी की वल्ही धरलेले हात माझे वाटेनात. वानखेडे पाठीमागे गळ लावत होता. मी मनात दादाला एकेक कबूल करत होतो. दारू सोडतो. आईला बघतो. इंग्लिश शिकतो. वर आभाळात एक कावळा नव्हता.

तेवढ्यात दोरी ताणली. वानखेडे ओरडला, "अबे लागला, लागला!" चांदीसारखा मासा होडीत उड्या मारू लागला. तीन वर्षांत पहिला. वानखेडे रडला. मग मीही.

काठाला आलो. मासा एका खडकावर ठेवला, चाकू आणायला गाडीकडे वळलो. परत बघतो तर माशावर कावळा! आपल्या कावळ्याच्या दुप्पट, इथला डोमकावळा. माशाचं पोट फाडून खात होता.

आता सांगा, जन्म ज्याचा खळ्यात गेला तो काय करेल? डोकं चालायच्या आत हात चालला. दगड उचलला, "हाऽड!" केलं आणि भिरकावला.

लागला. पायालाच लागला. कावळा दोन पावलं लंगडला, माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं, आणि चोचीतला तुकडा न सोडता झाडांवरून निघून गेला.

"काय नेम हाय बे तुझा!" वानखेडे म्हणाला.

मी खूश. म्हटलं, चला, इथे कावळे आहेत तर, आता पिंड ठेवू. खोकं उघडलं. डबा रिकामा.

"काय शोधून राहिला?"

"यातला भात?"

"ते तुझं गुपित आमिष ना? एक नंबर निघालं. मक्याला काही शिवत नव्हतं, हे लावलं अन् लगेच लागला. सगळंच संपवलं मी." मग माझं तोंड बघून म्हणाला, "काय झालं? आमिष नव्हतं काय ते?"

मी खडकाकडे गेलो. माशाच्या फाटलेल्या पोटात भाताची शितं होती. त्यावर काळे तीळ. अर्धी शितं कावळ्याने नेली होती.

वानखेडेला सांगितलं तेव्हा तो खाली बसला.

उतारावर रेंज आली तसा आईचा फोन. "शिवलो?"

"शिवलो गे आये."

"खरो कावळो?"

"खरो. भलो मोठो."

पलीकडे ती रडली. मग भांड्यांचा आवाज आला, ताट घेत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "तेका हात जोडलंस मां?"

"जोडलंय," मी म्हटलं.

काय सांगणार तिला? दादा सुटला, एवढं खरं. पण वर गेला असेल तो लंगडतच.