फ्राऊ फॉनची पितळी पाटी

“त्याला बोलवू नकोस.” आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई स्वयंपाकघरात फरशीवर पडलेल्या, तोंड एका बाजूला गेलेलं, आणि तरी बोट वर करून मला हेच सांगत होत्या. माझ्या कडेवर इशू, ती रडतेय, मीही रडतेय, ॲम्ब्युलन्सवाला विचारतोय नातेवाईक कोण, आणि माझं होतं नव्हतं तेवढं जर्मन पळून गेलं. “नाखबारिन,” म्हणलं, शेजारीण. तो म्हणाला, शेजारीण नाही, घरचं कोण?

आधी बाई कोण ते सांगते, नाहीतर कळायचं नाही.

जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला आम्ही आलो ते आमच्या यांच्या कंपनीमुळं. यांचा डिप्लोमा, मी बारावीला दोनदा बसून राहिलेली. बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या बेलपाशी कागदावर नाव, या बाईंची एकटीची पितळेची पाटी. दर शनिवारी जुन्या मोज्यावर टूथपेस्ट घेऊन घासायच्या. नाव एवढं लांब की मला पहिला शब्दच जमायचा, म्हणून मी हाक मारायची, फ्राऊ फॉन, म्हणजे फॉनबाई. “नुसतं फॉन?” त्या दार उघडत म्हणायच्या. “आणि उरलेली मी कुठं गेले?”

‘फॉन’ म्हणजे आपल्याकडं सरदारकी असते ना, तसलं. यांच्या खापरपणजोबांची पेढी होती, मोठी बँक म्हणा. कुठल्याशा राजानं लढाईला कर्ज घेतलं, लढाई हरला, फेडायला काही नाही, म्हणून त्यानं नावापुढं फॉन लावून दिलं. कर्ज बुडालं आणि घराणं झालं. मी इशूला वरणभात भरवत होते, तोंडातून निघून गेलं, “मग पैसे देऊनच घेतलं की.” बोलले आणि भ्यायले. त्यांचं बिस्कीट हातातच राहिलं.

“आल्झो, तर मग,” त्या म्हणाल्या, “शंभर वर्षं गेली की त्याला घराणं म्हणतात.” आणि खोकला येईपर्यंत हसल्या.

ते नाव बापाकडून मुलाला, मुलाकडून त्याच्या मुलाला. मुलीकडं असतं ते लग्नापर्यंत. एक दातांचा डॉक्टर यांना मागणी घालत होता, फुलं घेऊन यायचा. त्या काळात लग्न केलं की नवऱ्याचं नाव लावावंच लागायचं, म्हणून यांनी त्याला नाही म्हणलं. भावाला मूलबाळ नव्हतं, नाव काय ते या दोघांकडंच उरलेलं. पुढं कायदा बदलला. “पण तोवर तो दुसरीच्या दाढा बघायला लागला होता,” त्या म्हणायच्या. हसायच्या, पण दाताच्या दवाखान्यात कधी गेल्या नाहीत. कवळीपण पोस्टानं आल्यासारखी, ढिली.

बँक कधीच बुडालेली. मग म्हातारपणी भावानं काय केलं, एका मोठ्या बाप्याला दत्तक घेतलं, पैसे घेऊन. त्या माणसाचं अंग काळं करायचं दुकान, इथं दिव्याखाली झोपून उन्हात भाजल्यासारखं करून घेतात तसलं. कायद्यानं तोही फॉन झाला. मी म्हणलं, आमच्याकडं दत्तक घेतला की तो मुलगाच, राजेसुद्धा दत्तक घ्यायचे.

“तुमचे राजे टक्कल पडलेली बाळं घ्यायचे का?”

भाऊ गेल्यावर नाताळाला तो टोपली घेऊन यायचा. या बंद दाराआडून म्हणायच्या, या नावाचं इथं दुसरं कोणी राहत नाही. टोपली मग माझ्याकडं. चॉकलेटं इशूनं खाल्ली, घराण्याचा शिक्का आणि फोन नंबर छापलेलं त्याचं कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. त्या मला सांगून ठेवायच्या, “कागदावर नाव त्याचं असू दे. माझ्या उशाशी उभा राहून तो घरचा व्हायला नको.”

मी हो म्हणत होते. हो म्हणायला काय लागतं?

हॉस्पिटलात मला कोणी काही सांगेना. डोक्याचं ऑपरेशन करायचं का नाही, घरचं माणूस पाहिजे, नाहीतर कोर्ट कोणीतरी नेमेल. आमच्या यांना व्हॉट्सॲप केलं. हे म्हणाले, तू कशात पडू नकोस, आपला व्हिसा आहे. तोवर बाईंची वाचा गेली होती. डोळे तेवढे माझ्याकडं. मी घरी पळत आले, ड्रॉवर उपसला, फोन लावला.

तो आला. माझ्याहून काळा. मला वाटलं तोऱ्यात येईल, तर हा खरंच रडत होता. “टान्टे, टान्टे,” म्हणजे आत्या, आणि हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला, हळूच, इतका हळू की नर्सला दिसलं नाही, आणि चादरीखाली नेला. नर्सनं त्याला पूर्ण नावानं हाक मारली, ते एवढं लांब नाव, कुठंही न अडखळता. त्यांनी डोळे मिटले. परत उघडले नाहीत. ऑपरेशन नको, असं त्यानं सांगितलं. बरोबरच असेल, मला काय कळतंय. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

सगळं त्यानंच केलं. हारावर शिक्का, पेपरातल्या निधनाच्या जाहिरातीत त्यांच्या नावाखाली तो, त्याची बायको, त्याची दोन पोरं, चौघंही फॉन.

मग एक दिवस स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि पाटी काढली. पाटीवर त्यांचं स्वतःचं नाव नव्हतंच, घराण्याचं तेवढं. आपल्या दाराला लावणार म्हणाला. माझा हात हातात घेऊन आभार मानले, तुम्ही होतात म्हणून मी शेवटी पोचलो. इशूला चॉकलेट दिलं. त्याच्या पोरांची पोरं सांगतील आमची आत्या, आमची पेढी, आमची पाटी. शंभर वर्षं काय, जातातच.

बेलपाशी आता स्क्रूची भोकं आहेत. इशू जाता-येता ती बेल दाबते. मी ओरडते, कोणी नाही गं तिथं. ती म्हणते, “ओमा श्लेफ्ट.” आजी झोपलीय.

मी कोणाला विचारणार? आमच्या यांना विचारलं तर म्हणतात सोड आता. म्हणून तुम्हाला विचारते. ते कार्ड तुमच्या हातात असतं, आणि त्या तुमच्याकडं तशा बघत असत्या, तर लावला असता का तुम्ही फोन?